दोन पियानो नव्हते, एकच होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या अंकात आतल्या पानावर खाली कोपऱ्यात ती बातमी आलीय ना, "दोन पियानोंवर रंगली जुगलबंदी", चार ओळींची, फोटो नाही काही नाही, त्याबद्दल लिहितेय. मी स्वतः त्या कार्यक्रमाला होते, रविवारी संध्याकाळी, दुसऱ्या रांगेत, नातीला घेऊन. तर पहिलीच गोष्ट म्हणजे दोन पियानो नव्हते, एकच होता. वाजवणारे दोघं, एक बाई आणि एक पुरुष, एकाच पियानोसमोर शेजारी शेजारी स्टुलं लावून बसले होते आणि दीड तास चार हातांनी एकच वाद्य वाजवत होते. आणि जुगलबंदी तर ती नव्हतीच. तुम्ही म्हणाल एवढ्यासाठी पत्र कशाला, पण हा फरक एकदा लक्षात आला की त्या संध्याकाळी स्टेजवर काय चाललं होतं ते सगळं उलगडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जागा कमी पडली तर खुशाल कापा, फक्त पुढे पियानोच्या ट्यूनिंगबद्दल लिहिलंय ते कापू नका.

मी छत्तीस वर्षं दांडिया बाजारात घरी पेटी आणि गाणं शिकवलं. पियानो शिकले नाही, पण ऐकत आलेय, आधी कॅसेटवर मग सीडीवर आणि आता नात मोबाइलवर लावून देते. ती नऊ वर्षांची आहे, दोन वर्षं कीबोर्ड शिकतेय, खरा मोठा पियानो तिने त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

जुगलबंदीत काय असतं, सतारवाला आणि सरोदवाला, दोघांची आपापली वाद्यं, आपापली बैठक, एकाने एक जागा घेतली की दुसरा तिला उत्तर देतो, सवाल-जवाब होतो, लोक हात वर करून दाद देतात, आणि तेही फार सुंदर असतं, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. इथे तसं नाही. पियानोच्या ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, सगळ्या मिळून जेमतेम चार फुटांची जागा, आणि त्या चार फुटांत दोन माणसांची वीस बोटं चालवायची. उजवीकडे बसतो त्याला प्रिमो म्हणतात, त्याच्याकडे वरचे सूर, डावीकडे बसतो तो सेकंदो, त्याच्याकडे खर्ज आणि मधला भाग. आता खाली पायाशी पेडल असतं ते बघा, त्यातलं उजवं दाबलं की तारांवरचे दाबे उचलले जातात आणि पट्टी सोडली तरी सूर गुंजत राहतो. हे पेडल बहुतेक वेळा एकटा सेकंदोवालाच सांभाळतो. म्हणजे काय झालं, की वरचं गाणं वाजवतेय ती बाई आणि तिच्या सुराला आस किती द्यायची, कुठे तोडायची, ते ठरवतोय शेजारच्या माणसाचा पाय! त्यामुळे त्याला स्वतःचं वाजवताना कान मात्र पूर्णवेळ तिच्या हाताकडे ठेवावा लागतो. मी त्या दिवशी बराच वेळ त्याच्या बुटाकडेच बघत होते, एवढा हलका पाय पडत होता की नुसता टाच टेकवून चवडा बोटभर खालीवर.

मला सारखी आठवण येत होती ती माझ्या आजीच्या जात्याची. आमच्या वाड्यात पहाटे आजी आणि तिची जाऊ समोरासमोर बसायच्या, खुंटा एकच, त्यावर दोघींचे हात एकावर एक, एकीने ओढायचं तेव्हा दुसरीने सोडायचं, आणि मध्येच एकीने मोकळ्या हाताने घास घालायचा, तेवढ्यापुरता सगळा भार दुसरीने घ्यायचा, न सांगता. ओवी एकीने सुरू केली की दुसरी उचलायची. जरा कुणी ताकद दाखवायला गेलं तर जातं डगमगायचं आणि पीठ जाड पडायचं, मग आजी म्हणायची, "अगं, तुझं एकटीचं नाहीये ते." एका पियानोवर दोघांनी मिळून वाजवायचं, त्याला ड्युएट म्हणतात, ते हे असं आहे.

आणि एक गोष्ट मी अगदी जवळून बघितली ती सांगते. मधल्या भागात प्रिमोचा डावा हात आणि सेकंदोचा उजवा हात एकमेकांच्या हद्दीत जातात, कधी कधी तर तीच पट्टी एकाने आत्ता वाजवली आणि लगेच दुसऱ्याला वाजवायची असते. आधीच्याचं बोट तिथेच राहिलं तर दुसऱ्याच्या बोटाखाली पट्टी आधीच दबलेली, सूरच निघणार नाही. म्हणून आपलं काम झालं की बोट तिथून काढायचं, लांबवायचं नाही, कितीही छान वाटत असलं तरी. दोघांचे मनगट एकमेकांच्या वरखालून जातात, कोण वरून जाणार कोण खालून ते आधी ठरवून पेन्सिलने लिहून ठेवतात म्हणे. कोपरं कुठे ठेवायची तेसुद्धा बसवावं लागतं. नातीने मला हळूच विचारलं, आजी, आत्ताचा तो सूर कुणाचा होता? मला सांगता आलं नाही.

कार्यक्रमात सुरुवातीला मोझार्टचा डी मेजर सोनाटा होता, के ३८१ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), १७७२ सालचा, म्हणजे मोझार्ट तेव्हा सोळा वर्षांचा. तो आणि त्याची मोठी बहीण नानर्ल लहानपणापासून असे एकत्र वाजवायचे, घरच्यांचं १७८०-८१ च्या सुमाराचं एक मोठं चित्र आहे, त्यात भाऊबहीण एकाच वाद्यावर बसलेत आणि दोघांचे हात एकमेकांवरून फुली मारल्यासारखे गेलेत, वडील व्हायोलिन घेऊन बाजूला आणि आई मात्र भिंतीवरच्या तसबिरीत, कारण ती १७७८ मध्येच वारली होती. हे चित्र मी नातीला आदल्या दिवशी दाखवलं होतं त्यामुळे ती हात कधी ओलांडतात तेच बघत बसली होती.

मोझार्टने दोन पियानोंसाठीही एक मोठा सोनाटा लिहिलाय, के ४४८, १७८१ चा, तो त्याने आपल्या एका शिष्येबरोबर वाजवला होता. तो इथे होऊच शकला नसता, कारण हॉलमध्ये दुसरा पियानो नाही. दोन पियानोंचं साहित्य वेगळं आणि एका पियानोवर चार हातांचं वेगळं, म्हणून मी तुमच्या बातमीतल्या त्या दोन शब्दांवर एवढी अडून बसलेय.

मग शुबर्ट. एफ मायनरमधली फँटसी, डी ९४० (हाही तसाच, शुबर्टच्या यादीतला क्रमांक). संपादक साहेब, मी भीमसेनजींचं गाणं समोर बसून ऐकलेली बाई आहे, पण त्या वीसेक मिनिटांत मला जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाही तरी प्रयत्न करते. हे शुबर्टने १८२८ मध्ये लिहिलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला, वय फक्त एकतीस. कॅरोलिन एस्टरहाझी म्हणून त्याची एक शिष्या होती, मोठ्या सरदार घराण्यातली मुलगी, तिला अर्पण केलंय, आणि छापून आलं ते तो गेल्यावर. सुरुवातीला डावीकडचा माणूस एकटाच, अगदी हळू, पाण्यावर तरंग उठावेत तसं काहीतरी सुरू करतो, आणि मग वरून ती सुरावट येते. आपल्या भाषेत सांगायचं तर मंद्र पंचमावरून षड्जावर, परत पंचम, परत षड्ज, बस एवढंच, दोन सुरांचा जीव, पण दर वेळी षड्जावर यायच्या आधी किंचित थबकल्यासारखं, कुणीतरी दारात उभं राहून आत यावं की नको विचार करावा तसं. सगळे सूर आसावरी थाटाच्या जवळचे, कोमल गंधार कोमल धैवत, मध्येच निषाद शुद्ध लागतो तेव्हा अंगावर येतं. आणि थोड्या वेळाने तीच सुरावट अचानक शुद्ध गंधाराने येते, फारसं काही बदललेलं नसतं, मुख्य तो गंधार, आणि तरी असं वाटतं की खिडकी उघडली. ती फार वेळ उघडी राहत नाही.

मध्ये एक जड संथ भाग आहे, मग एक उड्या मारणारा जलद भाग, कुठेही न थांबता, टाळ्यांना जागाच नाही, आणि शेवटी ती पहिली सुरावट परत येते. तेव्हा मला कळलं की मघापासून आपण तिचीच वाट बघत होतो. आपल्याकडे ख्यालात मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, परत येतो तसं म्हणता येईल, पण मुखडा घडोघडी येतो आणि हा इतकं फिरून आल्यावर येतो, की तोपर्यंत आपण तेच राहिलेलो नसतो. त्यानंतर सगळे आवाज एकमेकांच्या मागे लागतात, फ्यूग म्हणतात त्याला, एकाने वाक्य सुरू केलं की ते संपायच्या आत दुसरा तेच वाक्य दुसऱ्या सुरावरून सुरू करतो, चार हात असल्यामुळे चार माणसं बोलल्यासारखी वाटतात. आणि तो कल्लोळ एकदम तुटतो. शांतता. मग ती पंचम-षड्जाची ओळ शेवटची एकदा.

आणि इथेच ते झालं, ज्यासाठी मुख्य हे पत्र आहे.

त्या शेवटच्या ओळीच्या जरा आधी वरच्या भागातली एक पट्टी खाली जाऊन तिथेच अडकली. दमट हवेत लाकूड आणि आतलं फेल्ट फुगलं की होतं असं. ती बाई वाजवत होती, तिचे दोन्ही हात गुंतलेले, आणि ती पट्टी तिला परत लागणार होती. डावीकडच्या माणसाने आपला उजवा हात क्षणभर मोकळा होता तेवढ्यात लांब नेला, नखाने ती पट्टी खालून वर उचलली आणि हात परत जागेवर आणला, आणि तिने ती वाजवली. सूर आला. हॉलमध्ये किती जणांनी बघितलं माहीत नाही, आम्ही दुसऱ्या रांगेत होतो म्हणून दिसलं. नातीने माझा हात घट्ट धरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाने आलं आणि शरमेनेही आलं, कारण लांबून आलेल्या कलाकारांवर ही वेळ आपल्या गावाने आणली.

आता स्पष्टच लिहिते. कोणता हॉल ते लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल, मला कुणाला खाली बघायला लावायचं नाहीये, फक्त पियानो नीट व्हावा एवढंच आहे. तो पियानो वर्षभर स्टेजच्या मागच्या बाजूला कापडी आच्छादनाखाली असतो. त्यावर फाइली ठेवतात, चहाचे कप ठेवतात. रविवारी दीपप्रज्वलनाचं ताट आणि पुष्पगुच्छांची बादली, पाण्यासकट, पियानोच्या झाकणावर ठेवली होती, मी स्वतः उठून जाऊन त्या मुलांना ती खाली ठेवायला लावली. एसी कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटं आधी लावला. म्हणजे सबंध पावसाळाभर दमट हवा खाल्लेलं लाकूड, त्यावर एकदम गार कोरडा झोत. मध्यंतरात मी व्यवस्थापकांना विचारलं, ट्यूनिंग कधी झालं होतं, तर म्हणाले की मॅडम, ट्यूनर बाहेरगावहून बोलवावा लागतो, त्याचं येणंजाणं राहणं, आणि त्यासाठी वेगळं खातंच नाही, त्यामुळे राहून गेलं. किती वर्षं राहून गेलं ते त्यांना सांगता आलं नाही. माणूस चांगला होता, त्यालाही वाईट वाटत होतं.

पण हे समजून घ्या, पियानो म्हणजे काही टेबल नाही. आत सव्वादोनशेच्या वर तारा असतात, बहुतेक सुरांना तीन तीन, आणि सगळ्या तारांची मिळून ओढ अठरा-वीस टनांच्या घरात जाते. ही ओढ धरून ठेवते आतली बिडाची चौकट, पण सूर मोठा होतो तो खालच्या पातळ लाकडी फळीमुळे, साउंडबोर्ड. ते लाकूड ओल धरलं की फुगतं, सुकलं की आकसतं, आणि तारा त्याच्याबरोबर चढतात उतरतात. तीन तारांतली एक जरी हलली तरी सूर एकसंध येत नाही, लहरतो, पेटीच्या दोन रीडा बिनसल्या की येतो ना तसा. विश्वामित्रीच्या काठच्या या गावात पावसाळ्यात हवेत किती ओल असते ते मी सांगायला नको, २०२४ च्या ऑगस्टात तर नदीच घराघरांत आली होती. म्हणून वर्षातून निदान दोनदा ट्यूनिंग, आणि कार्यक्रम असला की त्याच दिवशी परत एकदा, अशी जगभर पद्धत आहे.

आपला गवई तंबोरा स्वतः लावून बसतो. ग्रीनरूममध्ये अर्धा अर्धा तास जवारी बघतो. सतारवाला वाजवता वाजवता खुंटी पिळतो. पियानोवाल्याला ती सोय नाही, त्याचं वाद्य तो बरोबर आणू शकत नाही, मोठा कॉन्सर्ट पियानो नऊ फूट लांब आणि पाचशे किलोच्या आसपास वजनाचा असतो, त्यामुळे जे गावात असेल त्यावरच त्याला वाजवावं लागतं. पूर्ण विश्वास यजमानावर. आपण पाहुण्याला बोलावून फुटक्या ताटात वाढत नाही ना?

आणि हे गाव कोणतं, तर बडोदं! सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये दरबारातले संगीतकार मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीत शाळा काढली, तीच पुढे वाढत वाढत आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. मौलाबक्षांनी त्या काळात आपल्या संगीतासाठी स्वरलिपी केली आणि त्यांचा मुलगा तर इंग्लंडला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आला. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद पहिल्यांदा भरली ती इथेच. फैय्याज खाँसाहेब इथल्या दरबाराचे. म्हणजे बाहेरचा सूर घरात घ्यायचा आणि आपला सूर नीट लिहून ठेवायचा, दोन्ही गोष्टी या गावाने तेव्हा केल्या, तर आज एक पियानो सुरात ठेवणं आपल्याला जड जावं हे मला पटत नाही.

मध्यंतरानंतर डेब्युसीची १८८९ ची पेतीत स्वीत झाली, पहिला भाग होडीचा, तो नातीला फार आवडला, मला शुबर्टनंतर दुसरं काही ऐकायचं नव्हतं खरं तर. शेवटी ब्राम्सच्या हंगेरियन नृत्यांपैकी पाचवं, ते सगळ्यांना ओळखीचं निघालं, मागच्या रांगेतली मुलं ताल धरून टाळ्या वाजवत होती. हे ऑर्केस्ट्राचं म्हणून लोकांना माहीत आहे पण १८६९ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं ते चार हातांच्या पियानोसाठीच. तेव्हा रेडिओ नाही, ग्रामोफोन नाही, मोठी सिंफनी ऐकायची तर शहरात कधी ऑर्केस्ट्रा येईल तेव्हा, मग लोक त्याच सिंफन्या चार हातांसाठी लिहून घ्यायचे आणि बहिणी बहिणी, नवरा बायको, आई मुलगी असे संध्याकाळी घरी बसून वाजवायचे. आपल्याकडे भजनी मंडळात बसावं तसं ते घरातलं संगीत होतं.

आणि म्हणून माझी दुसरी विनंती गावातल्या पियानो आणि कीबोर्डच्या सगळ्या शिक्षकांना आहे. मुलांना एकटं एकटं शिकवून ग्रेडच्या परीक्षांना बसवता ते ठीक आहे, पण महिन्यातून एकदा दोघा दोघांना शेजारी बसवा. मी माझ्या पेटीच्या क्लासमध्ये हे फार उशिरा सुरू केलं, एक मूल भाता आणि सूर सांभाळणार, दुसरं फक्त वाजवणार, आणि बघितलं की जे मूल एकटं वाजवताना लय पळवायचं ते आपोआप थांबायला लागलं, ऐकायला लागलं. रावेल या फ्रेंच संगीतकाराने मुलांसाठी म्हणूनच चार हातांचं एक सुंदर काम लिहिलंय, परीकथांवरचं, आणि १९१० मध्ये पॅरिसला ते पहिल्यांदा वाजवलं तेही दोन लहान मुलींनी. सोपंही आहे पुष्कळ या साहित्यात, एक भाग नवशिक्याचा आणि एक गुरुजींचा असं मुद्दाम लिहिलेलं मिळतं.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच, की दुरुस्ती छापा, एक पियानो, चार हात, ड्युएट, आणि पुढचा असा कार्यक्रम असेल तर चार दिवस आधी बातमी द्या, रविवारी अर्ध्याच्या वर खुर्च्या रिकाम्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मला तीन बायका म्हणाल्या की कळलंच नाही, आलो असतो. बडोद्यात एवढी मराठी घरं आहेत, गाण्याला तर सगळे पळत येतात.

हॉलच्या ट्रस्टींना मी वेगळं पत्र दिलंय. ट्यूनरच्या पहिल्या फेरीचा खर्च मी आणि माझ्या जुन्या विद्यार्थिनी मिळून करायला तयार आहोत, सात जणी आत्ताच हो म्हणाल्यात, पुढचं खातं ट्रस्टने उघडावं, आणि आच्छादनावर कुणी काही ठेवू नये अशी पाटी मराठी गुजराती दोन्हीत मी लिहून देते. ट्यूनर येईल तो दिवस तेवढा आम्हाला कळवा. तो एकेक तार लावताना नातीला शेजारी उभं राहून ऐकायचंय आणि ती अडकलेली पट्टी कोणती ते तिने बरोबर लक्षात ठेवलंय, उजवीकडून मोजून.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, बडोदा